दोन्ही काठ्या तुझ्या

शकीलाचा उजवा हात कोपरापर्यंत बाहेर होता. बाकीची ती भिंतीखाली होती.

मी विटांवर पालथी पडून तो हात धरला होता. धुळीमुळं पुढचं दिसत नव्हतं. डोक्याजवळ एक लोखंडी गर्डर आडवा आला होता. त्याच्या खालच्या फटीतून तिचा आवाज येत होता.

"कौसा, म्हातारा जिवंत आहे का?"

"हौ," मी म्हटलं. "सांस चलरी उसकी. तू हिल नक्को."

"मी कुठं हलते? हलायला जागा कुणी ठेवली?"

माझ्या मागं आमचे प्लाटून कमांडर साळवे साहेब उभे होते.

"बोलतेय का?"

"बोलतेय, साहेब."

"मग ती मराठीत आणि तू उर्दूत, हे काय चाललंय? डोक्याला मार लागलाय का कुणाच्या?"

"नाही, साहेब. आम्ही ड्यूटीवर असंच बोलतो."

त्यांनी पुढं विचारलं नाही. विचारायला वेळ नव्हता. पण वाचणाऱ्याला सांगावं लागेल. त्यासाठी मागं जाते.

माझं माहेर सिल्लोडकडचं. शाळा चौथीपर्यंत. लग्न होऊन शहरात आले. नवरा ट्रकवर होता, महिन्यातले पंधरा दिवस घरी नसायचा. शेजारणीनं सांगितलं, होमगार्डमध्ये बाया घेतात. मैदानावर गेले, पळाले, नाव लागलं. आम्ही काही सरहद्दीवर लढलो नाही. सणाला, मिरवणुकीला, निवडणुकीला, पूर आला, आग लागली की बोलावणं यायचं. खाकी घालायची, काठी घ्यायची, रांगेत फॉल-इन व्हायचं. बारा तास उभं राहायचं. लोकांना वाटतं उभं राहणं म्हणजे काम नाही. त्यांनी एकदा उभं राहून बघावं. माझे गुडघे आता बसताना वाजतात, ते त्या बारा तासांचे आवाज आहेत.

शकीला माझ्याच सेक्शनमध्ये होती. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान. बारीक, उंच, दात थोडे पुढं. नवऱ्यानं सोडलेली. जुन्या शहरात एका गल्लीत आईबरोबर राहायची. उंचीप्रमाणं लाईन लावली की ती आणि मी शेजारी यायचो, म्हणून जोडी आमचीच लागायची.

पहिल्या दिवशी तिला मराठी येत नव्हतं आणि मला तिची बोली येत नव्हती. म्हणजे अगदीच येत नव्हतं असं नाही. 'नक्को' आणि 'हौ' या शहरात दगडालाही येतं. पण त्यावर बारा तास निघत नाहीत. दुपारी डबे उघडले. मी विचारलं, "घरी कोण कोण असतं?" ती म्हणाली, "अम्मी, मैं, और चार बकरियाँ."

शेळ्या म्हटल्यावर मी भाकरी खाली ठेवली.

मी शेळ्यांत वाढलेली बाई आहे. शाळा सुटली ती शेळ्यांमागं जायला सुटली. शहरात आल्यावर मला नवऱ्याची आठवण कमी आणि शेळ्यांची जास्त यायची. हे मी नवऱ्यालाही सांगितलं होतं. सुट्टीच्या दिवशी मी शकीलाच्या घरी गेले. दोन खोल्या, पुढं फरशीचं अंगण, त्यात चार शेळ्या. एक काळी उस्मानाबादी गाभण होती. मी तिच्या पोटाला हात लावला आणि दोन बोटं दाखवली. शकीलाच्या आईनं, खालानं, माझ्याकडं नीट बघितलं. पुढं त्या शेळीला दोनच करडं झाली. तेव्हापासून त्या घरात मला कुणी 'आओ' म्हटलं नाही. मी सरळ आत जायचे.

खालाला मराठी नव्हतं. त्यामुळं तिथं दुसरा इलाज नव्हता. शेळीच्या पोटफुगीला अफारा म्हणायचं, कासेला थन म्हणायचं, दोन दात आलेला बोकड म्हणजे दो दाँत का. कुठल्या पाल्यानं दूध वाढतं, कुठल्यानं आटतं, यावर आमचे वाद व्हायचे. वादात भाषा लवकर येते. शब्द चुकला म्हणून थांबलात तर समोरचा जिंकतो, म्हणून चुकीचा तर चुकीचा, शब्द टाकायचा. खाला म्हणायची, "तू गलत बोलती, मगर जोर से बोलती. इसलिए सई लगता."

गुरुवारी छावणीचा बाजार. शकीलाचा मामू तिथं बकऱ्यांचा व्यापार करायचा. आम्ही दोघी त्याच्यामागं उभ्या राहायचो. तिथं सौदा तोंडानं होत नाही. दोघांच्या हातावर रुमाल टाकतात आणि आत बोटं धरतात. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, पूर्ण पंजा म्हणजे पाच. समोरच्यानं तेच बोट परत धरलं की त्याला कळलं. पक्कं झालं की तळहातावर थाप. वरून दोघंही आभाळाकडं बघत असतात, जसं काही चाललंच नाही. बाई रुमालाखाली हात घालत नाही, म्हणून मामूनं आम्हाला लांबून दाखवलं. शकीलानं मला घरी दुपट्ट्याखाली शिकवलं.

आम्हाला त्याचा उपयोग भलतीकडं झाला. मोठ्या माणसाच्या बंदोबस्तात लाईनमध्ये बोलायला बंदी असते. ऊन डोक्यावर, गाडी यायचा पत्ता नाही. आम्ही हात मागं घेऊन उभ्या राहायचो आणि मागच्या मागं बोटं धरायचो. समोरून एखादा बोकड गेला की ती माझी बोटं धरून किंमत लावायची, मी तिची धरून पाडायचे. साळवे साहेब समोरून जायचे तेव्हा आमचे चेहरे अगदी सावधान.

आता भाषेचा नियम. तो शकीलानं काढला. तिला सेक्शन लीडरचा कोर्स करायचा होता आणि तिथले धडे मराठीत. शिवाय तिला मराठी म्हणींचा नाद लागला होता. मंडईत दोन बाया भांडायला लागल्या की ती ड्यूटी सोडून तिकडं सरकायची आणि नवीन म्हण घेऊन यायची. ती म्हणाली, फॉल-इनपासून सुट्टी होईपर्यंत मी मराठीच बोलणार, तू माझी बोली बोलायची, साहेबांशी सोडून. जी आपल्या भाषेवर घसरेल ती हरली. हरली तिनं दोन्ही काठ्या वाहायच्या, सुट्टीनंतर घरापर्यंत.

काठीला वजन नसतं. पण बारा तासांनंतर दुसऱ्याची काठी उचलून औरंगपुऱ्याच्या गर्दीतून चालायचं म्हणजे कळतं. आधी तिचं घर लागायचं. दारात खाला उभी असायची. कुणाच्या हातात दोन काठ्या आहेत ते बघायची आणि हरलेलीला आधी पाणी द्यायची. बहुतेक वेळा पाणी मलाच मिळायचं. मी तोंडाची फटकळ. रिक्षावाला अंगावर आला की माझ्या तोंडातून मराठीच निघायचं.

"हरलीस," शकीला म्हणायची. तिला तो शब्द फार आवडायचा. "दोन्ही काठ्या तुझ्या."

माझी उर्दू शेळ्यांच्या अंगानं आलेली होती, हे एकदा चारचौघांत उघडं पडलं. मिरवणुकीत एक म्हातारे गृहस्थ चक्कर येऊन बसले. त्यांची बायको घाबरली होती. मी पुढं झाले आणि तिला धीर दिला. म्हटलं, "घबराव नक्को. अफारा हुआ इसकू. बैठने मत देव, चलाव. मीठा तेल पिलाव, अब्बी लेंडी डालेगा तो हलका हो जाएगा."

बाई माझ्याकडं बघतच राहिली. म्हातारा उठून बसला. म्हणाला, "बेगम, चलो यहाँ से."

शकीला बॅरिकेडला धरून हसत होती. हसता हसता मराठीतच म्हणाली, "कौसा, त्यांना कान धरून उठवायचं राहिलं."

मी म्हटलं मग शिकव की माणसांचे शब्द. ती म्हणाली, शिकवीन. माणसांत काय बोलतात, आजारपणात काय, मयतीला काय. राहून गेलं. आमचं बोलणं परत परत शेळ्यांवरच यायचं.

असं आमचं बरीच वर्षं चाललं. ती सेक्शन लीडर झाली. मला बढती नको होती, कागदं भरावी लागतात.

त्या दिवशी दिवाळीआधीची गर्दी होती. औरंगपुऱ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. आमचा पॉईंट चौकात. सकाळपासून रिक्षा वळवणं, हरवलेली पोरं आईकडं देणं, हेच. चार वाजायच्या सुमाराला मागच्या गल्लीतून धप्पकन आवाज आला आणि धूळ वर आली. फटाका नव्हता. फटाक्याला एवढी धूळ नसते.

आम्ही पळालो. गल्लीच्या टोकाला नव्या इमारतीचा पाया खोदत होते. त्याला लागून ओळीनं जुन्या खोल्या. शेवटच्या खोलीची खड्ड्याकडची भिंत बसली होती आणि पत्रे, वासे, सगळं आत आलं होतं. लोक ओरडत होते, "दर्जी चाचा अंदर है!" म्हातारा शिंपी. पायानं अधू. मुलगा कामाला बाहेरगावी. सून बाजारात गेलेली, असं शेजारी म्हणाले.

साळवे साहेबांनी वॉकीटॉकी काढला.

"कंट्रोल, औरंगपुरा पॉईंट. भिंत पडली आहे. एक इसम आत आहे. रेस्क्यू पाठवा. ओव्हर."

"औरंगपुरा, फायर निघाली आहे. गर्दी आहे, वेळ लागेल. ओव्हर."

"लवकर करा. उरलेली भिंतही हलते आहे. आउट."

पुढच्या बाजूला एक खिडकी होती. गज निघालेले. त्यातून आत जाण्याएवढी जागा. पुरुषाचा खांदा मावत नव्हता. शकीलानं बेल्ट काढला, शिट्टी काढली, काठी माझ्याकडं दिली.

साहेब म्हणाले, "फायर येऊ दे."

ती म्हणाली, "साहेब, म्हातारा खोकतोय. धूळ नाकात जाते आहे. फायर येईपर्यंत खोकणार नाही."

साहेबांनी वर भिंतीकडं बघितलं. मग म्हणाले, "जा. पाच मिनिटं."

ती आत गेली. आतून मला सांगत होती. "खाट दिसली. म्हातारा दिसला. पाय अडकलाय. निघाला." मग तिनं त्याला खाटेवरच्या सतरंजीत घेतलं आणि ओढत खिडकीपर्यंत आणलं. मी आणि एका जवानानं सतरंजीचं टोक धरून त्याला बाहेर काढलं. शुद्ध नव्हती. श्वास होता.

मी हात पुढं केला. "अब तू आ."

ती खिडकीत होती. बाहेर यायला एक उडी. पण ती थांबली. मान वळवून तिनं आत कान दिला.

"थांब," ती म्हणाली आणि परत आत वळली.

तेव्हाच राहिलेली भिंत आली.

मग ते सुरुवातीला सांगितलं ते. मी पालथी, तिचा हात माझ्या हातात, तिनं म्हाताऱ्याचं विचारणं.

फायरची गाडी चौकात अडकली होती. माणसं यंत्रं खांद्यावर घेऊन पळत आली. त्यांचे अधिकारी चांगले होते. आवाज न चढवता काम करणारे. त्यांनी वाकून गर्डर बघितला. त्याचं एक टोक शकीलाच्या अंगावर होतं आणि दुसरं डावीकडच्या कोपऱ्यात ढिगाऱ्यावर टेकलं होतं. ते म्हणाले, "हे टोक कापून उचलतो. बाई लगेच निघेल. तिकडचं टोक मात्र खाली बसणार. तिकडं कुणी नाही ना?"

"नाही," गल्ली म्हणाली. "म्हातारा एकटाच होता."

जनरेटर सुरू झाला. त्या आवाजात स्वतःचं बोलणं ऐकू येईना. शकीला आतून काही म्हणत असेल तर मला कळत नव्हतं. मागं गर्दीत कुणीतरी ओरडत होतं, ते मात्र ऐकू आलं. "म्हातारा निघाला होता ना? मग परत कशाला शिरली? पेटी दिसली असेल!"

तिनं माझं एक बोट धरलं.

मला वाटलं कळ आली असेल. मी तिचा हात दाबला. तिनं सोडवून घेतला आणि परत तेच एक बोट धरलं. ओढलं. सोडलं. परत धरलं. मग ते बोट डावीकडं वाकवलं.

एक.

मी तिचं एक बोट धरलं आणि डावीकडं वाकवलं. तिनं माझ्या तळहातावर थाप मारली.

मी उठून उभी राहिले आणि हात वर केले. "साहेब, बंद करा! आत अजून एक माणूस आहे. डावीकडं."

साळवे साहेब जवळ आले. "कोण म्हणतं?"

"शकीला."

"बोलली?"

"नाही. हातानं सांगितलं."

"हातानं?"

"व्हय. बाजारात सांगतात तसं. चूक नाही, साहेब."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग शिट्टी वाजवली. जनरेटर बंद झाला. फायरच्या अधिकाऱ्यांनी सगळ्यांना हातानं गप्प केलं. दिवाळीचा बाजार दोनशे पावलांवर चालू होता, पण ती गल्ली गप्प झाली. डावीकडून आवाज आला. पत्र्यावर कुणीतरी नखानं ओरखडावं तसा. थांबला. परत आला.

शेजारीण तोंडावर हात ठेवून म्हणाली, "या अल्ला, बहू है. पीछे के दरवाजे से आ गई होगी."

शकीला फटीतून म्हणाली, "भिंत आल्यावर वाटलं, भास होता. मग गर्डर परत खरखरला. ऐकलं का?"

"सुनी," मी म्हटलं. "सबने सुना."

अधिकारी माझ्याजवळ उकिडवे बसले. हळू बोलले, पण तिला ऐकू जाणार हे त्यांनाही माहीत होतं. "आता इकडून उचलता येत नाही. उचललं तर ती दबते. मागून, खड्ड्याच्या बाजूनं, हातानं फोडत यावं लागेल. त्याला वेळ लागेल. बराच. हिच्या छातीवर वजन आहे."

ठरवणं माझ्याकडं नव्हतंच. शकीला म्हणाली, "मागून घ्या, साहेब. माझं चालेल."

सेक्शन लीडर बोलते तशीच बोलली. ते उठले आणि माणसं घेऊन मागं गेले.

लोक मला नंतर म्हणाले, तू सांगितलं नसतंस तर शकीला वाचली असती. असेल. पण ते सांगायचं माझं नव्हतं, तिचं होतं. मी नुसती बोटं होते. सांगायचं नसतं तर तिनं माझं बोट धरलं नसतं.

ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, अडकलेल्याला बोलतं ठेवा, झोपू देऊ नका. डॉक्टर येऊन हाताची नाडी बघून गेले, सुई देऊन गेले. साहेब म्हणाले, "कौसा, तू इथंच राहा. बोलत राहा."

बोलायचं काय? त्या वेळचे शब्द मला तिच्या बोलीत येत नव्हते. धीर कसा देतात, अल्लाचं नाव घेऊन काय म्हणतात, काहीच नाही. मराठीत होते. पण आम्ही ड्यूटीवर होतो आणि ती नियम सोडायला तयार नव्हती. मग मला जे येत होतं तेच मी बोलले.

"वो काली का बच्चा कित्ते दाँत का हुआ?"

"दोन," ती म्हणाली. "आले परवा."

"ईद कू बेचेगी?"

"नाही. ठेवणार."

"पागल है तू. अब्बी अच्छा दाम आता."

"तू काय देतेस?"

मी तिची बोटं धरली. तिनं झिडकारली. मी वाढवली. तिनं परत झिडकारली. बोटांत जोर होता तोवर आम्ही त्या बोकडाचा सौदा केला. मग जोर कमी झाला. मी अफाऱ्यावर बोलले. कुठल्या पाल्यानं दूध आटतं यावर मी मुद्दाम खोटं बोलले, म्हणजे ती भांडेल. ती भांडली. एक शब्द, मग श्वास, मग एक शब्द. पण मराठीत.

मागून विटा काढण्याचा आवाज येत होता. वीट, टोपलं, वीट, टोपलं. घाई करता येत नव्हती.

गर्दीतला तो माणूस अजून गेला नव्हता. "एवढा वेळ लावतात," तो म्हणाला. "आधीच आत गेली नसती तर ही भानगडच झाली नसती."

शकीलानं ते ऐकलं. मला तिच्या हातातून कळलं. बोटं हलली. ती हसत असावी.

"कौसा," ती म्हणाली.

"हौ."

"शेळी जाते जिवानिशी..."

ही तिची सगळ्यात आवडती म्हण. मंडईत शिकलेली. दिवसातून एकदा तरी म्हणायची, निम्मी ती, निम्मी मी. माझ्या तोंडातून आपोआप निघालं.

"...अन् खाणारा म्हणतो वातड."

मग फटीतून आलं, "हरलीस. दोन्ही काठ्या तुझ्या."

त्यानंतर ती बोलली नाही. मी बोलत राहिले. हात गार पडत गेला तरी बोलत राहिले. तेव्हा मराठीत बोलले. हरलेच होते.

अंधार पडता पडता मागच्या बाजूनं ओरडा झाला. सून निघाली. शिलाई मशीनच्या लोखंडी पायांमध्ये अंग आखडून बसली होती, आणि गर्डरचं ते टोक मशीनवर टेकलं होतं. हात मोडला होता. चालत स्ट्रेचरपर्यंत गेली. मग सगळे इकडं आले. गर्डर कापला, उचलला. साळवे साहेबांनी टोपी काढली. मला म्हणाले, "हात सोड आता." मला सोडता येईना. बोटं आखडली होती. त्यांनी एकेक करून सोडवली.

घरी कुणी कळवायचं, हा प्रश्न आला. साहेब म्हणाले, मी येतो. मी म्हटलं, तुम्ही दवाखान्यात थांबा, ते घर माझं आहे.

चालत गेले. तीच वाट. बाजारात कंदील लागले होते. मनात शब्द शोधत होते आणि सापडत नव्हता. शेळी मेली की बाजारात म्हणतात तो एकच शब्द मला येत होता. तो तिथं वापरायचा नाही, एवढं मला कळत होतं.

खाला दारात उभी होती. नेहमीसारखी. हातात पाण्याचा गिलास होता. तिनं माझ्या हातातल्या दोन काठ्या बघितल्या. मग माझ्या मागं गल्लीत बघितलं. गल्ली रिकामी होती. तिनं बराच वेळ बघितलं. परत माझ्याकडं वळली. माझे कपडे, माझे हात, विटांचा रंग.

"कौन हारी?" तिनं विचारलं.

"मैं हारी, खाला."

तिनं गिलास माझ्यापुढं धरला. मी पाणी प्याले. मग ती उंबऱ्यावर बसली.

दुसऱ्या दिवशी जनाजा निघाला. बाया कब्रस्तानात जात नाहीत. आमचा सेक्शन गल्लीच्या तोंडाशी युनिफॉर्ममध्ये उभा राहिला. साळवे साहेबांनी ऑर्डर दिली. सावधान. सलामी. ती मराठीत दिली, तिला कळली असती.

पुढं मी खालाकडं जात राहिले. शेळ्या होत्या, कुणीतरी बघायला पाहिजे. माणसांतले राहिलेले शब्द मला खालानं शिकवले, शकीला शिकवणार होती ते. पहिला मयतीचा शिकवला. आता खालाही नाही. त्या काळीची नातपणती माझ्या पडेगावच्या घरी बांधलेली आहे. माझी नात मोबाईलवर इंग्रजी शिकते. मोबाईल तिला सांगतो, सफरचंद लाल आहे. मी विचारलं, तुला सफरचंदाशी काय करायचंय? तिनं पुढचा धडा लावला. लोक मला विचारतात, आजी, इतकी साफ उर्दू कुठं शिकलात? मी सांगते, ड्यूटीवर. दमले की एवढंच सांगते.

तिची काठी माझ्याकडं आहे. माझीही आहे. चालायला एक पुरते.

त्या दिवशी त्या खोलीत तीन माणसं होती. दर्जी चाचा वाचला. त्याची सून वाचली. शकीला वाचली नाही.